ओबामांवर दुहेरी ठपका : सुरक्षेत ढिलाई, आरोग्यात अतिक्रमण

विशेष प्रतिनिधी

अमेरिकेचे ४४ वे अध्यक्ष बराक ओबामा यांच्यावर त्यांच्या देशातील उजव्या विचारांच्या मंडळींनी आठ वर्षे जी टीका केली, तिचे स्वरूप समजून घ्यायचे तर त्यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षातील लागोपाठचे दोन दिवस पाहावेत. २४ डिसेंबर २००९ रोजी सकाळी सातच्या सुमारास सिनेटने आरोग्य विमा सुधारणा विधेयक ६० विरुद्ध ३९ मतांनी संमत केले. नाताळच्या आदल्या दिवशी सिनेटमध्ये मतदान होण्याची ती १८९५ नंतरची पहिलीच वेळ होती. विधेयकाच्या बाजूने एकाही रिपब्लिकन सदस्याने मत दिले नाही. दुसऱ्याच दिवशी अॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या विमानात उमर फारूक अब्दुलमुतल्लब या नायजेरियन तरुणाने अंतर्वस्त्रात दडवलेली स्फोटके उडवण्याचा प्रयत्न केला. स्फोटके नीट पेटली नाहीत आणि सहप्रवाशांनी त्याला पकडले, म्हणून विमानातील सुमारे २९० जणांचे प्राण वाचले.

पुढच्या काही आठवड्यांत ओबामांवर दोन आरोपांचा एकाच वेळी भडिमार झाला. पहिला आरोप असा की, दहशतवादाशी युद्ध सुरू असताना हा अध्यक्ष सरकारची ताकद वापरायला कचरतो. दुसरा असा की, नागरिकाच्या दवाखान्यात आणि खिशात सरकारची ताकद घुसवायला तो उतावीळ आहे. एकच माणूस एकाच वेळी दुबळा आणि दांडगा कसा असू शकतो, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. त्याचे उत्तर टीकाकारांच्या विचारसरणीत सापडते. त्या टीकेतील काय काळाच्या कसोटीवर टिकले आणि काय टिकले नाही, हे आता दीड दशकानंतर पुरेशा स्पष्टपणे सांगता येते.

पुराणमतवादी म्हणजे कोण?

अमेरिकेतील 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या शब्दासाठी मराठीत 'पुराणमतवादी' हा शब्द रूढ आहे. मात्र तो काहीसा दिशाभूल करणारा आहे. आपल्याकडे या शब्दाने सोवळेओवळे आणि रूढी पाळणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत मात्र शीतयुद्धाच्या काळात तीन वेगवेगळे प्रवाह एकत्र येऊन ही चळवळ उभी राहिली. करवाढ आणि सरकारी नियंत्रणाला विरोध करणारे मुक्त बाजारपेठवादी, कम्युनिझमविरुद्ध बलाढ्य लष्कर हवे म्हणणारे, आणि कुटुंब व चर्च यांना समाजाचा पाया मानणारे असे ते तीन प्रवाह. १९८० मध्ये रोनाल्ड रीगन अध्यक्षपदी निवडून आले ते या तिघांची मोट बांधूनच.

या युतीत सरकारकडे पाहण्याच्या दोन दृष्टी सुरुवातीपासून नांदत होत्या. सरकार राखणदार म्हणून बळकट हवे, पण पालक म्हणून नको, असे तिचे सार सांगता येईल. सीमा, सैन्य आणि हेरखाते यांवर खर्च करण्यास तिची हरकत नव्हती. हरकत होती ती नागरिकाने कोणता विमा घ्यावा, कोणत्या डॉक्टरकडे जावे आणि शेजाऱ्याच्या उपचाराचा भार किती उचलावा, हे वॉशिंग्टनने ठरवण्याला. या चौकटीत पाहिले की ओबामांवरील दोन्ही आरोप परस्परविरोधी न वाटता एकाच भूमिकेच्या दोन बाजू वाटतात. राखणदारीत हात आखडता घेणारा आणि पालकत्वात हात पसरणारा अध्यक्ष, हे त्यांच्या दृष्टीने उलटे चाललेले गाडे होते.

युद्ध की गुन्हा?

सुरक्षेबाबतच्या वादाची सुरुवात शपथविधीनंतर दोनच दिवसांत झाली. २२ जानेवारी २००९ रोजी ओबामांनी काही आदेशांवर सह्या केल्या. क्युबातील ग्वांटानामो बे येथील तुरुंग एका वर्षात बंद करायचा, सीआयएचे परदेशांतील गुप्त तुरुंग मोडीत काढायचे आणि कैद्यांची चौकशी लष्कराच्या नियमपुस्तिकेतील पद्धतींनीच करायची, असे त्यांत म्हटले होते. एप्रिलमध्ये त्यांनी बुश प्रशासनाच्या काळातील कायदेशीर टिपणे जाहीर केली. बुडवल्याचा भास निर्माण करणाऱ्या 'वॉटरबोर्डिंग'सारख्या पद्धतींना या टिपणांनी कायद्याचा आधार पुरवला होता. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद याच्यावर मार्च २००३ या एका महिन्यात ती पद्धत १८३ वेळा वापरली गेल्याचेही याच सुमारास उघड झाले.

या धोरणाविरुद्ध उभे राहण्यात माजी उपाध्यक्ष डिक चेनी आघाडीवर होते. २१ मे २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये दोन भाषणे पाठोपाठ झाली. राष्ट्रीय अभिलेखागारात, म्हणजे जिथे अमेरिकेच्या राज्यघटनेची मूळ प्रत जतन केली आहे तिथे, ओबामांनी आपल्या धोरणाची बाजू मांडली. त्यानंतर लगेच अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूट या उजव्या विचारांच्या संस्थेत चेनी बोलले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकी भूमीवर तसा हल्ला झाला नाही, हे कठोर चौकशीचे फळ आहे, ती साधने टाकून देणे म्हणजे देशाला कमी सुरक्षित करणे आहे, आणि या बाबतीत मधला मार्ग निघू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मतभेदाचे मूळ एका कायदेशीर प्रश्नात होते. दहशतवादी हा युद्धातील शत्रू मानायचा की गुन्हेगार? शत्रू मानला तर त्याला युद्ध संपेपर्यंत अडकवून ठेवता येते, वकील देण्याची घाई नसते आणि खटला चालवायचाच झाला तर लष्करी आयोगापुढे चालतो. गुन्हेगार मानला तर त्याला गप्प राहण्याचा हक्क आहे, हे सांगावे लागते आणि पुरावा नागरी न्यायव्यवस्थेच्या कसोटीला उतरावा लागतो. अब्दुलमुतल्लबची सुमारे ५० मिनिटे चौकशी केल्यानंतर काही तासांत त्याला हा हक्क वाचून दाखवण्यात आला. अल कायदाच्या येमेनमधील शाखेची माहिती काढण्याची संधी सरकारने त्यामुळे हातची घालवली, असा हल्ला टीकाकारांनी चढवला. स्फोटाचा प्रयत्न झाला तेव्हा हवाई बेटांवर सुटीवर असलेले ओबामा तीन दिवसांनी देशाशी बोलले, तर अंतर्गत सुरक्षामंत्री जॅनेट नॅपोलिटानो यांनी यंत्रणेने काम केल्याचे सांगून टाकले. या दोन गोष्टींनी टीकेला आणखी धार आली.

टीकेचा काही भाग निखालस खरा होता. या तरुणाच्या वडिलांनी नोव्हेंबर २००९ मध्येच नायजेरियातील अमेरिकी वकिलातीला मुलाबद्दल सावध केले होते. तरीही त्याचा व्हिसा शाबूत राहिला आणि तो विमानात बसू शकला. हे यंत्रणेचे अपयश असल्याची कबुली ओबामांनी स्वतः दिली. मात्र हक्क वाचून दाखवल्याने हानी झाली, हा दावा टिकला नाही. नातेवाइकांच्या मदतीने तपास अधिकाऱ्यांनी त्याला पुन्हा बोलते केले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये नागरी न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली. बुश यांच्या काळात, डिसेंबर २००१ मध्ये, बुटात स्फोटके घेऊन विमानात चढलेल्या रिचर्ड रीडलाही नागरी न्यायालयातच जन्मठेप झाली होती. त्या वेळी असा गदारोळ झाला नव्हता, याकडे ओबामांच्या समर्थकांनी लक्ष वेधले.

हेडलीचे उदाहरण

या वादाचा एक धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यासाठी ठिकाणांची टेहळणी करणारा डेव्हिड कोलमन हेडली ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोच्या विमानतळावर पकडला गेला. त्याला ग्वांटानामोला न पाठवता नागरी न्यायालयासमोर उभे करण्यात आले. शिक्षेत सूट मिळावी म्हणून त्याने तपास यंत्रणांना भरपूर माहिती दिली आणि १८ मार्च २०१० रोजी सर्व १२ आरोप कबूल केले. त्याच वर्षी जूनमध्ये भारताच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या पथकाने शिकागोत त्याची चौकशी केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने व्हिडिओ दुव्याद्वारे मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्षही दिली.

नागरी न्यायालयाच्या मार्गाने माहिती मिळते, याचा हा ठळक दाखला होता. मात्र त्याची किंमतही होती. कबुलीच्या करारानुसार हेडलीला फाशी होणार नव्हती आणि त्याला भारताच्या स्वाधीन केले जाणार नव्हते. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. मुंबईत १६६ जणांचे बळी घेणाऱ्या कटातील सहभागासाठी ती अपुरी असल्याची भावना भारतात तीव्र होती. कायद्याच्या मार्गाने सत्य हाती लागते, पण प्रत्येक वेळी पुरेसा न्याय झाल्याचे समाधान मिळतेच असे नाही, ही टीकाकारांची तक्रार निदान या एका प्रकरणात मुंबईकरांनाही पटण्यासारखी होती.

निकाल कोणाच्या बाजूने?

सुरक्षेच्या आघाडीवर टीकाकारांनी राजकीय लढाई बहुतांशी जिंकली. मे २००९ मध्ये ग्वांटानामो बंद करण्यासाठी लागणारा आठ कोटी डॉलरचा निधी सिनेटने ९० विरुद्ध ६ मतांनी नाकारला, म्हणजे ओबामांच्या बहुसंख्य पक्षबांधवांनीही त्यांची साथ सोडली. खालिद शेख मोहम्मदवर न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला चालवण्याची घोषणा अॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये केली होती. एप्रिल २०११ मध्ये ती मागे घ्यावी लागली. त्याआधी अहमद घैलानी या ग्वांटानामोतील कैद्यावर न्यूयॉर्कमध्ये चाललेल्या खटल्यात २८० हून अधिक आरोपांपैकी फक्त एकच सिद्ध झाला होता. त्या एका आरोपावर त्याला जन्मठेप झाली, पण टीकाकारांच्या हाती आयते कोलीत मिळाले. ओबामा पायउतार झाले तेव्हा ग्वांटानामोतील कैद्यांची संख्या सुमारे २४० वरून ४१ वर आली होती, तरी तुरुंग सुरूच होता. जानेवारी २०२५ मध्येही तेथे १५ कैदी होते.

परंतु ज्या लष्करी आयोगाचा आग्रह धरला गेला, त्याच्याकडून निकाल मात्र लागला नाही. खालिद शेख मोहम्मद २००३ मध्ये पकडला गेला. २०२४ च्या उन्हाळ्यात झालेला त्याचा कबुलीचा करार संरक्षणमंत्र्यांनी काही दिवसांतच मागे घेतला आणि जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयानेही तो करार ग्राह्य धरण्यास नकार दिला. ज्या छळाचे समर्थन कणखरपणा म्हणून केले गेले, त्याच छळामुळे पुरावा कलंकित झाला आणि खटला वर्षानुवर्षे रखडला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात आप्त गमावलेल्यांच्या दृष्टीने पाहिले तर या भूमिकेची ही सर्वांत मोठी उणीव ठरते.

ओबामा दुबळे आहेत, हा आरोपही वस्तुस्थितीला धरून नव्हता. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी अफगाणिस्तानात आणखी ३० हजार सैनिक पाठवले. त्याच भाषणात जुलै २०११ पासून माघारीची तारीख जाहीर केली, म्हणून मात्र टीका झाली. शत्रूला आपण किती दिवस थांबणार हे कळवू नये, हा तो आक्षेप निराधार नव्हता. पाकिस्तान, येमेन आणि सोमालियातील ड्रोन हल्ल्यांची संख्या बुश यांच्या काळापेक्षा कितीतरी वाढली आणि २ मे २०११ रोजी अबोटाबादेत ओसामा बिन लादेन मारला गेला. सप्टेंबर २०१२ मधील बेंगाझीचा हल्ला, सीरियाबाबत आखलेली आणि नंतर न पाळलेली 'लाल रेषा', आणि २०१५ चा इराण अणुकरार हे टीकेचे पुढचे टप्पे ठरले.

आरोग्य : विम्याची तीन पायांची तिवई

आरोग्याच्या प्रश्नावरील टीका समजण्यासाठी अमेरिकी व्यवस्थेचा एक विशेष लक्षात घ्यावा लागतो. तेथे बहुसंख्य लोकांचा विमा त्यांच्या नोकरीला बांधलेला असतो. पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या कुटुंबांना याचा अनुभव आहे. वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी योजना १९६५ पासून आहेत. या तिन्हींतून निसटलेल्यांची संख्या २००८ मध्ये साडेचार कोटींहून अधिक होती. ज्यांना आधीच मधुमेह, कर्करोग यांसारखा आजार आहे, त्यांना वैयक्तिक विमा नाकारण्याची कंपन्यांना बहुतेक राज्यांत मुभा होती.

२३ मार्च २०१० रोजी ओबामांच्या सहीने अस्तित्वात आलेला कायदा तीन पायांवर उभा होता. जुन्या आजाराच्या कारणाने विमा नाकारता येणार नाही, हा पहिला पाय. पण तेवढेच केले तर निरोगी माणूस आजारी पडेपर्यंत विमा घेणारच नाही, घर पेटल्यावर आगीचा विमा उतरवण्यासारखे ते होईल, म्हणून प्रत्येकाने विमा घ्यावा नाहीतर दंड भरावा, हा दुसरा पाय. ज्यांना हप्ता परवडत नाही त्यांना सरकारी अनुदान, हा तिसरा. याखेरीज मेडिकेडची व्याप्ती वाढवण्यात आली आणि २६ वर्षांपर्यंतच्या मुलांना आईवडिलांच्या विम्यात राहण्याची सोय झाली. विमा विस्ताराचा खर्च दहा वर्षांत सुमारे ९४० अब्ज डॉलर होईल, मात्र नवे कर आणि मेडिकेअरमधील बचत धरता तूट वाढण्याऐवजी घटेल, असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता.

चार आक्षेप आणि त्यांचे पुढे काय झाले

पहिला आक्षेप घटनात्मक होता. राज्यांराज्यांतील व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार केंद्राला आहे, पण एखादी वस्तू विकत घ्याच असा हुकूम सोडण्याचा अधिकार त्यात येतो का? उद्या ब्रोकोली खाण्याचीही सक्ती कराल काय, असा प्रश्न २०१२ च्या सुनावणीत न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी विचारला. २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कायदा वाचवला. तो वाचवणारे निर्णायक मत बुश यांनीच नेमलेले सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचे होते. विशेष म्हणजे व्यापाराच्या अधिकारात अशी सक्ती बसत नाही, हा टीकाकारांचा मुद्दा त्यांनी मान्य केला आणि दंड हा एक प्रकारचा कर आहे, म्हणून तो वैध ठरवला. मेडिकेडचा विस्तार राज्यांवर लादता येणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले. म्हणजे कायदा टिकला, तरी आक्षेपातील तत्त्वाला न्यायालयाची मोहोर मिळाली.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि निवडीच्या स्वातंत्र्याचा होता. यात टीकाकारांचे पारडे जड ठरले. सध्याचा विमा आवडत असेल तर तो ठेवता येईल, असे ओबामा वारंवार सांगत होते. २०१३ च्या अखेरीस नव्या निकषांत न बसणाऱ्या पॉलिसी बंद होत असल्याची पत्रे लाखो लोकांना आली आणि ओबामांना दूरचित्रवाणीवरून खेद व्यक्त करावा लागला. त्याच ऑक्टोबरमध्ये विमा नोंदणीचे सरकारी संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले होते. सरकारला एवढा मोठा कारभार झेपत नाही, हे सांगायला टीकाकारांना वेगळे उदाहरण शोधावे लागले नाही. केंद्राच्या संकेतस्थळावरून नोंदणी होणाऱ्या राज्यांत वैयक्तिक विम्याचा सरासरी हप्ता २०१३ ते २०१७ या काळात दुपटीहून अधिक झाला. अनुदान मिळणाऱ्यांना त्याची झळ कमी बसली. परंतु उत्पन्नाच्या मर्यादेच्या थोडे वर असलेले छोटे व्यावसायिक आणि स्वयंरोजगारी यांना पूर्ण भार सोसावा लागला.

तिसरा आक्षेप उपचारांच्या दर्जाचा होता आणि तो सर्वांत विखारी रीतीने मांडला गेला. वृद्ध आणि अपंगांना जगू द्यायचे की नाही हे सरकारी अधिकाऱ्यांची समिती ठरवील, अशी भीती अलास्काच्या माजी गव्हर्नर सारा पेलिन यांनी ऑगस्ट २००९ मध्ये घातली. विधेयकाच्या मसुद्यात प्रत्यक्षात होते ते एवढेच की, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील उपचारांबद्दल रुग्णाने स्वेच्छेने डॉक्टरांचा सल्ला घेतला, तर त्याची फी मेडिकेअरने द्यावी. हा आरोप धादांत खोटा होता. तरीही तो एवढा पसरला की ती तरतूद अंतिम कायद्यातून गळाली. मरणाच्या दारातील रुग्ण आणि त्याचे कुटुंब यांच्याशी डॉक्टरांनी निवांत बोलावे, यासाठी केलेली साधी सोय काही वर्षे लांबणीवर पडली. २०१६ पासून मेडिकेअर अशा सल्ल्याची फी देऊ लागले, तेव्हा फारसा गलबला झाला नाही.

चौथा आक्षेप रोजगाराचा होता. रिपब्लिकनांनी जानेवारी २०११ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर केलेल्या रद्दीकरण विधेयकाच्या नावातच हा कायदा रोजगार मारणारा असल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात २०२० ची साथ येईपर्यंत अमेरिकेतील रोजगार वाढतच राहिला. विमा नसलेल्यांचे प्रमाण २०१० मधील सुमारे १६ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ९ टक्क्यांवर आले.

दोन्ही मुद्द्यांची गाठ

सुरक्षा आणि आरोग्य हे दोन मुद्दे एकत्र आले की त्यांची राजकीय ताकद किती वाढते, हे १९ जानेवारी २०१० रोजी दिसले. आरोग्य सुधारणा हे ज्यांचे आयुष्यभराचे ध्येय होते, त्या एडवर्ड केनेडी यांच्या निधनाने रिकामी झालेली मॅसॅच्युसेट्सची सिनेटची जागा स्कॉट ब्राऊन या रिपब्लिकनाने जिंकली. प्रचारात त्यांनी आरोग्य विधेयक अडवण्याचे आश्वासन दिले होते. त्याचबरोबर, करदात्यांचा पैसा दहशतवाद्यांना रोखणाऱ्या शस्त्रांवर खर्च व्हावा, त्यांच्या वकिलांवर नव्हे, असेही ते सांगत होते. मतदाराच्या दृष्टीने दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच होता : माझा पैसा कुठे खर्च होतो, हे मला न विचारता ठरते आहे. या विजयाने सिनेटमधील ६० वे मत गेले आणि डेमोक्रॅट्सना आडवळणाच्या संसदीय मार्गाने कायदा पुरा करावा लागला. प्रतिनिधिगृहात तो २१९ विरुद्ध २१२ मतांनी जेमतेम तरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टी पार्टी चळवळीच्या लाटेवर रिपब्लिकनांनी त्या गृहात ६३ जागा अधिक जिंकल्या.

विचारसरणीतील भेगा

मात्र राखणदार आणि पालक ही विभागणी दिसते तेवढी पक्की नव्हती. ६ मार्च २०१३ रोजी केंटकीचे रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल जवळपास १३ तास सिनेटमध्ये बोलत उभे राहिले. अमेरिकी भूमीवर अमेरिकी नागरिकाला अध्यक्ष ड्रोनने मारू शकतो काय, एवढेच त्यांना विचारायचे होते. ज्या सरकारवर विम्याच्या बाबतीत विश्वास ठेवता येत नाही, त्याच्या हाती विनाखटला जीव घेण्याचा अधिकार कसा द्यायचा, हा त्यांचा सवाल तर्काला धरून होता. त्यांच्याच पक्षाचे जॉन मॅकेन आणि लिंडसे ग्रॅहम यांनी दुसऱ्या दिवशी त्यांना फटकारले. एडवर्ड स्नोडेनने टेलिफोन पाळतीचे प्रकरण उघड केल्यानंतर जुलै २०१३ मध्ये ती पाळत थांबवणारी दुरुस्ती प्रतिनिधिगृहात आली, तेव्हा ९४ रिपब्लिकनांनी तिच्या बाजूने आणि १३४ जणांनी विरोधात मत दिले. दुरुस्ती २०५ विरुद्ध २१७ मतांनी पडली आणि ओबामांचा पाळतीचा कार्यक्रम वाचला तो बऱ्याच अंशी त्यांच्या कडव्या टीकाकारांच्या मतांवर.

आरोग्याबाबतही तोच पेच होता. विम्याच्या सक्तीची कल्पना १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने मांडली होती. फुकट उपचार घेणाऱ्याने आपला भार स्वतः उचलावा, वैयक्तिक जबाबदारी पाळावी, असे तेव्हाचे समर्थन होते. १९९३ मध्ये काही रिपब्लिकन सिनेटरांच्या विधेयकात ती आली आणि २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी ती राज्यात लागूही केली. २०१२ मध्ये हेच रॉम्नी ओबामांविरुद्ध अध्यक्षपदाचे उमेदवार झाले, तेव्हा राज्याने केलेले चालते, केंद्राने केलेले नाही, असे त्यांना सांगावे लागले. संघराज्याच्या तत्त्वात हा फरक बसतो, पण सामान्य मतदाराला तो पटवणे अवघड गेले. दुसरीकडे, सरकार छोटे करा म्हणणारेच या कायद्याने मेडिकेअरच्या खर्चाला कात्री लागते म्हणून वृद्ध मतदारांना घाबरवत होते.

टीका आणि पर्याय

या टीकेची खरी परीक्षा टीकाकारांच्या हाती सत्ता आल्यावर झाली. कायदा रद्द करण्याचे ठराव प्रतिनिधिगृहाने वर्षानुवर्षे डझनांनी मंजूर केले होते. २०१७ मध्ये अध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांकडे आली, तेव्हा जुन्या आजाराच्या रुग्णांचे काय, या प्रश्नाचे सर्वांना मान्य होणारे उत्तर पक्षाकडे नव्हते. २८ जुलै २०१७ च्या पहाटे रद्दीकरणाचा अखेरचा प्रस्ताव ५१ विरुद्ध ४९ मतांनी फेटाळला गेला. मेंदूच्या कर्करोगाचे निदान नुकतेच झालेले मॅकेन यांनी विरोधात दिलेले मत निर्णायक ठरले. सुरक्षेच्या प्रश्नावर ओबामांचे कडवे टीकाकार असलेले, २००८ मध्ये त्यांच्याकडून पराभूत झालेले हे नेतेच कायद्याचे तारणहार झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस करकायद्याने विमा न घेतल्याबद्दलचा दंड २०१९ पासून शून्यावर आणला. दुसरा पाय काढूनही तिवई कोसळली नाही, कारण अनुदानाचा पाय भक्कम होता. या तपशिलात मात्र सक्तीची गरज नव्हती, असे म्हणणाऱ्यांचा अंदाज बराचसा खरा ठरला.

वाद संपलेला नाही. २०२१ मध्ये वाढवलेल्या अनुदानाची मुदत २०२५ च्या अखेरीस संपत होती. त्यावरून १ ऑक्टोबर २०२५ पासून सरकारचे कामकाज ४३ दिवस ठप्प राहिले. तोपर्यंतचा तो सर्वांत लांबलेला ठप्पकाळ होता. दरम्यान, मेडिकेडचा विस्तार ४० राज्यांनी स्वीकारला. त्यांपैकी मिसुरी, ओक्लाहोमा, दक्षिण डाकोटा अशा रिपब्लिकनांच्या बालेकिल्ल्यांत लोकांनी थेट मतदानाने तो मागून घेतला. ओबामांना नाकारणाऱ्या मतदारांनी त्यांच्या कायद्याचा हा भाग स्वीकारला, हे टीकाकारांच्या दृष्टीने सर्वांत गैरसोयीचे सत्य आहे.

दोन्ही आघाड्यांवरील हिशेब मांडला तर चित्र असे दिसते. जिथे टीका नेमक्या गोष्टीवर बोट ठेवत होती, तिथे ती खरी ठरली : व्हिसाची चूक, माघारीची जाहीर तारीख, न पाळलेले आश्वासन, वाढलेला हप्ता. जिथे ती भीतीवर उभी होती, तिथे तिने नुकसान केले : रुग्णाशी होणारा संवाद लांबला आणि ११ सप्टेंबरचा खटला निकालाविना राहिला. सरकारने कुठे थांबावे, हा पुराणमतवाद्यांचा मूळ प्रश्न मात्र रास्त होता आणि आहे. तो विम्याच्या बाबतीत विचारायचा आणि तुरुंगाच्या बाबतीत विसरायचा, असे करून चालत नाही, एवढेच या दीड दशकाने दाखवून दिले.